पेटीतले रंग, पुळणीवरचे आकार

रायगडच्या किनाऱ्यावरील एका अंगणवाडीत गेलो, तेव्हा रंग-आकारांच्या खेळण्यांचा संच कपाटात कुलूपबंद होता. "पोरं तुकडे हरवतात," ताई म्हणाल्या. बाहेर पायरीवर तीनेक वर्षांचे एक मूल शिंपले मांडत बसले होते. पांढरे इकडे, तपकिरी तिकडे. दोन्ही खेळांचा मागोवा घेत मी उत्तर कोकणातल्या बोर्डीपर्यंत पोहोचलो.

कपाटातल्या संचाचे कूळ रोमचे. तिथल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत १९०७ मध्ये मारिया माँटेसोरींनी बालगृह काढले. त्यांच्या रंगपट्ट्या आकाराने सारख्या, फरक केवळ रंगाचा. त्यामुळे मुलाचे लक्ष एकाच गुणावर राहते. दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला तर शेवटी एखादा उरतोच आणि चूक मुलाला स्वतःलाच कळते.

ही पद्धत गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरात १९२० मध्ये रुजू लागली. ताराबाई मोडक तिथे घडल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. सोबतीला अनुताई वाघ होत्या. खेड्याला ती महागडी साधने परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पाने, दगडगोटे हीच साधने झाली. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला.

या बदलाकडे बहुधा काटकसर म्हणून पाहिले जाते. मला ते अपुरे वाटते. शिंपल्यात रंग, आकार, खरखरीतपणा सगळे एकत्र असते; कशावरून वेगळे काढायचे हे मुलाला ठरवावे लागते. पट्टीत तो निर्णय मोठ्यांनी आधीच घेतलेला असतो. अर्थात चौकोन पुळणीवर सहसा सापडत नाही, तेव्हा पेटीही हवीच. आणि निसर्गातले सगळेच चालत नाही: लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण चावली तर जिवावर बेतते. लहानग्यांच्या हाती ती देऊ नये.

पायरीवरच्या त्या मुलाने मी पाहत असतानाच मांडणी मोडली. पांढरे-तपकिरी एकत्र केले आणि भोक पडलेले शिंपले तेवढे बाजूला काढू लागले.