कोरेगावच्या कोरड्या हवेत कमी जागेतील ऑर्किड, निवडुंग व शोभिवंत झाडे

कोरेगाव तालुक्यात आले, ऊस, घेवडा ही पिके घेणाऱ्या अनेक घरांत आता गच्ची, पडवी किंवा अंगणाच्या कोपऱ्यात शोभिवंत झाडांच्या कुंड्या दिसतात. हौस म्हणून सुरू झालेल्या कुंड्यांतून पुढे रोपविक्रीचा विचार होतो. पण रोपवाटिकेतून फुलांसह आणलेले ऑर्किड दोन महिन्यांत सुकते, कॅक्टस पहिल्याच पावसाळ्यात बुडातून कुजतो आणि खर्च वाया जातो. बहुतेक वेळा कारण एकच असते. झाड पाणी कमी पडून मरत नाही. चुकीचे पाणी, चुकीच्या वेळी मिळाल्याने मरते. म्हणून आधी आपली हवा, पाणी व ऊन ओळखावे, मग झाड निवडावे.

आपली हवा काय सांगते?

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस होतो, तर कोरेगाव पर्जन्यछायेत येते. तालुक्याच्या उत्तर भागात तर पाण्याची ओढ नेहमीचीच. मार्च ते मे कडक ऊन व कोरडे वारे, हिवाळ्यात थंड रात्री आणि पावसाळ्यात काही आठवडे सतत ढगाळ हवा, असे आपले वर्ष असते.

ही हवा निवडुंग व मांसल पानांच्या झाडांना मानवते, ऑर्किडला मानवत नाही. उष्ण प्रदेशातील बहुतेक ऑर्किडना ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते. त्यामुळे दहा बाय दहा फूट जागा असेल, तर दोन तृतीयांश जागा निवडुंग व मांसल झाडांना द्यावी. उरलेल्या जागेत सावलीतील शोभिवंत झाडे आणि सुरवातीला २० पर्यंतच ऑर्किड ठेवावीत.

जागेची मांडणी

- भिंतीलगत तीन फळ्यांचा लोखंडी स्टँड करावा. सहा फूट लांब व एक फूट रुंद फळीवर चार इंची कुंड्या सुमारे ५० बसतात. तीन फळ्यांवर दीडशे.
- वरच्या फळीवर निवडुंग, मधल्या फळीवर मांसल झाडे, खालच्या सावलीत शोभिवंत पानांची झाडे ठेवावीत.
- ऑर्किडसाठी पूर्वेची बाजू निवडावी. सकाळचे कोवळे ऊन मिळावे, दुपारनंतर सावली असावी. गच्चीवर ५० ते ७५ टक्के सावलीची शेडनेट लावावी.
- गच्चीवर ओल्या मातीचे वजन मोठे होते. जड कुंड्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेत ठेवाव्यात.
- पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात उष्णता साठते. तेथे ऑर्किड ठेवू नये.

पाणी : सर्वांत महत्त्वाची बाब

विहीर व बोअरच्या पाण्यात अनेक ठिकाणी क्षार जास्त असतात. ऊस ते सोसतो, ऑर्किडची उघडी मुळे सोसत नाहीत. कुंडीच्या कडेला पांढरा थर, मुळांची टोके तपकिरी होणे, पानांचे शेंडे वाळणे ही क्षारांची लक्षणे आहेत. शेतासाठी पाणी परीक्षण करून घेता, तोच अहवाल येथेही पाहावा. ऑर्किडसाठी पाण्याची क्षारता ०.५ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी आणि सामू ५.५ ते ६.५ असावा.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छपरावरचा पाऊस. शंभर चौरस फूट छपरावर १० मि.मी. पाऊस पडला, तर गळती व पहिले घाण पाणी सोडूनही सुमारे ७५ लिटर पाणी मिळते. वीस ऑर्किडना प्रत्येकी १५० मि.लि. धरले, तर एका वेळेस तीन लिटर लागतात. हिवाळ्यात दिवसाआड आणि उन्हाळ्यात रोज दिल्यास पुढच्या पावसापर्यंत सुमारे ५०० लिटर पाणी पुरते. म्हणजे २०० लिटरचे तीन ड्रम पुरेसे आहेत. ड्रमवर झाकण व बारीक जाळी ठेवावी, नाहीतर डास होतात.

ऑर्किड : कोणते व कसे?

*निवड :* नवशिक्यांनी डेंड्रोबियमपासून सुरवात करावी. फॅलेनॉप्सिस घरात, पूर्वेच्या खिडकीजवळ चांगले राहते. व्हँडाची लोंबती मुळे रोज भरपूर ओलावा मागतात, त्यामुळे ते शेवटी घ्यावे. उतिसंवर्धित लहान रोप फुलावर यायला दोन ते तीन वर्षे लागतात. ते स्वस्त दिसते, पण पहिल्या वेळी फुलण्यायोग्य झालेले रोपच घ्यावे.

*माध्यम :* मातीत लावू नये. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा व विटांचे तुकडे समान प्रमाणात घ्यावेत. सोडण लावण्यापूर्वी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून क्षार काढावेत. कुंडीला बाजूनेही भोके हवीत. दोन-तीन वर्षांनी सोडण कुजते, तेव्हा माध्यम बदलावे.

*पाणी :* सकाळी नऊच्या आत द्यावे. मुळे चंदेरी पांढरी दिसली की पाणी द्यावे, हिरवी दिसत असतील तर थांबावे. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये.

*आर्द्रता :* कुंड्यांखाली ओल्या विटा किंवा खडीचे ट्रे ठेवावेत. कुंडीचे बूड मात्र पाण्याला टेकू नये. एप्रिल-मेमध्ये वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट टांगावे.

*खत :* वाढीच्या काळात १९:१९:१९ अर्धा ग्रॅम प्रति लिटर आठवड्यातून एकदा द्यावे. फुलांच्या दांड्या निघण्यापूर्वी १३:४०:१३ त्याच प्रमाणात द्यावे. आधी साधे पाणी देऊन मुळे ओली करावीत, मगच खत द्यावे. चौथ्या आठवड्यात खत न देता भरपूर स्वच्छ पाण्याने कुंडी धुवून काढावी.

*थंडी :* रात्रीचे तापमान १५ अंशांखाली जाऊ लागले की कुंड्या घरात घ्याव्यात व पाणी कमी करावे.

रानातील आमरी आणू नका

आपल्या घाटमाथ्यावर सीतेची वेणी व इतर अनेक आमरी झाडांच्या फांद्यांवर वाढतात. काही जण त्या फांदीसकट आणतात किंवा रस्त्याकडेला विकत घेतात. हे करू नये. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि संरक्षित वनातून वनस्पती काढणे हा गुन्हा आहे. शिवाय घाटातील धुके व ओलावा कोरेगावात मिळत नाही, त्यामुळे असे रोप सहसा वर्षभरही टिकत नाही. रोपवाटिकेत वाढवलेली रोपेच घ्यावीत आणि पावती जपून ठेवावी.

निवडुंग व मांसल झाडे

बांधावरचा तीनधारी निवडुंग व शेर हे खरे कॅक्टस नाहीत. ते मोडल्यावर पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. त्यांना हात लावताना हातमोजे घालावेत. खरे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातील. आपल्याकडचा फड्या निवडुंगही तिथूनच आलेला.

*माध्यम :* काळी माती वापरू नये. ती पाणी धरून ठेवते व सुकल्यावर भेगाळते. चाळलेला बारीक मुरूम किंवा कच दोन भाग, कोकोपीट एक भाग व चांगले कुजलेले गांडूळ खत अर्धा भाग असे मिश्रण करावे. पाणी ओतल्यावर काही क्षणांत खालून बाहेर आले, तर मिश्रण योग्य समजावे.

*पाणी :* उन्हाळ्यात ७ ते १० दिवसांनी, हिवाळ्यात २० ते ३० दिवसांनी. मातीत बोटभर काडी खुपसावी; ती कोरडी निघाली तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिकचे छप्पर करावे, बाजू मात्र उघड्या ठेवाव्यात.

*ऊन :* सावलीत वाढलेले रोप थेट मे महिन्याच्या उन्हात ठेवल्यास भाजते. दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने ऊन वाढवावे.

ड्रॅगन फ्रूटच्या छाटणीतून कलम

ड्रॅगन फ्रूट हाही कॅक्टसच आहे. सातारा-सांगलीच्या दुष्काळी भागात त्याच्या बागा वाढल्या आहेत आणि छाटणीच्या फांद्या बऱ्याचदा टाकून दिल्या जातात. त्या रंगीत मून कॅक्टससाठी खुंट म्हणून उपयोगी पडतात. लाल, पिवळ्या मून कॅक्टसमध्ये हरितद्रव्य नसते, त्यामुळे तो स्वतःच्या मुळांवर जगू शकत नाही. कलमच करावे लागते.

१. निरोगी, पक्व, तीनधारी फांदीचे ८ ते १० सें.मी.चे तुकडे करावेत. सावलीत ५ ते ७ दिवस सुकवून लावावेत. उष्ण हवेत तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात.

२. फेब्रुवारी ते मे या कोरड्या काळात कलम करावे. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने खुंटाचे टोक सपाट कापावे व धारांच्या कडा तिरक्या छाटाव्यात.

३. वरच्या भागाचा तळ लगेच सपाट कापून खुंटावर बसवावा. दोन्ही कापांच्या मध्यभागी दिसणारी वर्तुळे निदान काही भागात एकमेकांवर यावीत. ती जुळली नाहीत तर कलम धरत नाही.

४. रबरबँडने कुंडीसकट उभे आवळावे. १० ते १५ दिवस सावलीत ठेवावे, कापावर पाणी पडू देऊ नये.

ही कलमे काही वर्षेच टिकतात. ग्राहकाला हे आधीच सांगावे.

सावलीतील शोभिवंत झाडे

स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, मनी प्लांट, स्पायडर प्लांट व अग्लोनिमा कमी उजेडात तग धरतात. पहिल्या दोघांना पाणी फारच कमी लागते. मनी प्लांट व डिफेनबेकियाचा रस तोंडात गेल्यास आग व सूज येते, म्हणून लहान मुले व जनावरांपासून दूर ठेवावीत. चार कुंड्यांनी खोलीतील हवा शुद्ध होते, असे सांगून झाडे विकू नयेत. ते निष्कर्ष बंद पेटीतील प्रयोगांचे आहेत. खेळती हवा असलेल्या घरात हा परिणाम नगण्य असतो.

कीड व रोग

- पिठ्या ढेकूण, खवले कीड : कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसावे. प्रादुर्भाव जास्त असल्यास निंबोळी तेल ५ मि.लि. व थोडे साबणाचे पाणी प्रति लिटर, सायंकाळी फवारावे. आधी एका रोपावर वापरून पाहावे.
- गोगलगाई : पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. वाट्यांतील पाणी आठवड्यातून दोनदा बदलावे.
- बुडाची कूज : कॅक्टस मऊ पडल्यास निरोगी भागापर्यंत कापावा. कापावर गंधक भुकटी लावून आठवडाभर सुकवावा व नवीन मिश्रणात लावावा.
- ऑर्किडवर, विशेषतः डेंड्रोबियमवर, ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारू नये. कोवळे भाग जळतात.

विक्रीपूर्वी हिशेब

शंभर चौरस फुटांतून ऑर्किडच्या कापलेल्या फुलांचे उत्पन्न घर चालवण्याइतके मिळत नाही. या जागेत निवडुंग व मांसल झाडांची रोपे घरीच वाढवणे अधिक भरवशाचे, कारण एका मातृरोपापासून तुकडे, फुटवे व कलमांनी संख्या वाढते. पहिले वर्ष वहीत नोंद ठेवावी : आणलेली रोपे, मेलेली रोपे, मरण्याचे कारण, कुंडी-माध्यमाचा खर्च, घरची मजुरी आणि प्रत्यक्ष विक्री. साताऱ्यातील किंवा पुण्यातील रोपवाटिका तुमची रोपे कोणत्या आकारात व किती घेतील, हे आधी विचारावे.

एक उन्हाळा व एक पावसाळा पार करून दहापैकी आठ रोपे जगली, तरच जागा वाढवावी. तोपर्यंत शेडनेटगृह किंवा ऑर्किड प्रकल्पासाठी कर्ज काढू नये. अनुदानाचे निकष तालुका कृषी अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन तपासावेत. रोपे विकणाऱ्याच्या शब्दावर अर्ज करू नये.

वर्षाचे वेळापत्रक

- जून ते सप्टेंबर : निवडुंगावर छप्पर, पावसाचे पाणी साठवणे, गोगलगाईंवर लक्ष, ऑर्किडला नियमित खत.
- ऑक्टोबर ते जानेवारी : निवडुंगाचे पाणी कमी करणे, थंड रात्री ऑर्किड घरात घेणे, खवले कीड तपासणे.
- फेब्रुवारी ते मे : कुंडी बदलणे, कलमे करणे, शेडनेट व ओले गोणपाट लावणे. वळवाचे वारे व गारा येण्यापूर्वी स्टँड भिंतीला बांधून घ्यावेत.