स्वयंचलित अद्ययावतीकरण आणि वापरकर्त्याची संमती : विंडोज कार्यप्रणालीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकावर काम सुरू असताना 'रीस्टार्ट'ची सूचना यावी आणि हातातील काम खोळंबावे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यातून होणाऱ्या त्राग्याकडे सहसा केवळ तांत्रिक गैरसोय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः संगणकाविषयीच्या निर्णयाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामागे आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या कार्यप्रणालीच्या बाबतीत हा अधिकार वापरकर्त्याकडून निर्मात्याकडे कसा सरकत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐच्छिकतेचा कालखंड :
१९९८ मध्ये विंडोज ९८ सोबत 'विंडोज अपडेट' ही सोय आली. वापरकर्त्याने स्वतः संकेतस्थळावर जाऊन दुरुस्त्या उतरवून घ्यायच्या, असे तिचे स्वरूप होते. २००० सालच्या विंडोज एमईमध्ये 'ऑटोमॅटिक अपडेट्स' ही सुविधा आली. मात्र ती बंद ठेवण्याची मुभा होती.

या ऐच्छिकतेची मर्यादा २००३ मध्ये उघड झाली. जानेवारीत पसरलेल्या 'एसक्यूएल स्लॅमर'ला रोखणारी दुरुस्ती जुलै २००२ पासूनच उपलब्ध होती. ऑगस्टमधील 'ब्लास्टर'च्या बाबतीतही दुरुस्ती १६ जुलै रोजी प्रसिद्ध झालेली होती. दुरुस्ती प्रसिद्ध होताच उणीव नेमकी कोठे आहे, हे हल्लेखोरांनाही कळते. त्यामुळे ती बसवण्यातील प्रत्येक दिवसाचा विलंब धोकादायक ठरतो. ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देण्याची पद्धत सुरू झाली. ऑगस्ट २००४ मधील एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू ठेवण्याचा आग्रह धरण्यात आला.

सक्ती आणि अविश्वास :
२९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० च्या होम आवृत्तीत अद्ययावतीकरण नाकारण्याचा सरळ पर्यायच उरला नाही. सुरक्षेच्या दृष्टीने या सक्तीचे समर्थन करता येते. तथापि त्याच सुमारास जुन्या आवृत्तीच्या वापरकर्त्यांना विंडोज १० कडे वळवण्याची मोहीम अद्ययावतीकरणाच्याच मार्गाने राबवली गेली. २०१६ मध्ये तर सूचनेची खिडकी फुलीवर टिचकी मारून बंद केली, तरी नियोजित बदलास संमती धरली जाई. अमेरिकेतील एका महिला व्यावसायिकेला अशा बदलामुळे झालेल्या नुकसानीपोटी न्यायालयाने १०,००० डॉलर मंजूर केले. कंपनीने त्यावरील अपील मागे घेतले. सुरक्षा-दुरुस्ती आणि व्यापारी हेतू यांची सरमिसळ झाल्याने सक्तीचा नैतिक आधार दुर्बल झाला.

दुधारी अनुभव :
१२ मे २०१७ च्या 'वॉनाक्राय' हल्ल्याने सुमारे १५० देशांतील संगणक बाधित झाले आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. त्यावरील दुरुस्ती १४ मार्चलाच उपलब्ध होती. ती न बसवण्यामागे सर्वत्र नाराजीच होती, असे म्हणता येणार नाही. जुनी यंत्रसामग्री व काम थांबण्याची भीती हीही कारणे होती. २७ जून २०१७ चा 'नॉटपेट्या' मात्र युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला. त्याची झळ जागतिक जहाज-कंपनीमार्फत नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसली. अद्ययावतीकरण न केल्याने हानी होते, तशीच त्याच्यावरील विश्वासाच्या गैरवापरानेही होते, हे या दोन घटनांनी दाखवून दिले.

ऑक्टोबर २०१८ मधील विंडोज १० च्या अद्ययावतीकरणात काही वापरकर्त्यांच्या फाइली नष्ट झाल्या आणि त्याचे वितरण थांबवावे लागले. मे २०१९ मध्ये होम आवृत्तीच्या वापरकर्त्यांनाही ३५ दिवसांपर्यंत अद्ययावतीकरण लांबवण्याची मुभा मिळाली. निर्णयाचा काही अंश अशा रीतीने वापरकर्त्याकडे परतला.

समारोप :
वरील घटनाक्रमावरून असे दिसते की, पूर्ण ऐच्छिकता सामूहिक सुरक्षेस मारक ठरली आणि पूर्ण सक्तीने विश्वास गमावला. सुरक्षा-दुरुस्ती व नव्या सुविधा यांची फारकत, तसेच वेळ निवडण्याचा अधिकार, हा यातील व्यवहार्य मध्यममार्ग होय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण सेवाकाळ संपला, तेव्हा दुरुस्त्यांविना राहण्याची चिंता वापरकर्त्यांपुढे उभी राहिली. ज्या अद्ययावतीकरणाचा जाच वाटत होता, त्याची गरज ते थांबण्याच्या वेळी जाणवली. वापरकर्त्याचा आक्षेप दुरुस्तीला नव्हता, संमतीवाचून होणाऱ्या हस्तक्षेपाला होता, हेच यातून अधोरेखित होते.