टीव्हीवर जाहिराती आल्या, तेव्हा ब्रिटन का घाबरलं होतं?

२२ सप्टेंबर १९५५. रात्री ८ वाजून १२ मिनिटांनी लंडनमधल्या टीव्हींवर बर्फाची लादी दिसली. तिच्यात टूथपेस्टची ट्यूब आणि ब्रश. 'गिब्ज एसआर' टूथपेस्टची ही जाहिरात म्हणजे ब्रिटिश टीव्हीवरची पहिली जाहिरात. पहिला मान कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. पण टीव्हीवर जाहिराती असाव्यात की नाही, यावर त्याआधी काही वर्षं जोरदार वाद झाला होता.

वाद कशावरून?

तोवर ब्रिटनमध्ये टीव्ही म्हणजे फक्त बीबीसी. तिचा खर्च प्रेक्षकांच्या लायसन्स फीमधून चालायचा. खासगी टीव्हीची चर्चा सुरू झाल्यावर बीबीसीचे पहिले महासंचालक लॉर्ड रीथ यांनी १९५२ मध्ये संसदेत तिची तुलना देवी आणि प्लेगच्या साथींशी केली.

विरोधकांसमोर अमेरिकेचं उदाहरण होतं. तिथे अनेक कार्यक्रम जाहिरातदार कंपन्याच चालवायच्या आणि कार्यक्रमाला नावही स्वतःचंच द्यायच्या. २ जून १९५३ ला राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला. अमेरिकेत एनबीसीने त्याच्या प्रसारणात अधूनमधून जाहिराती दाखवल्या, शिवाय 'जे. फ्रेड मग्ज' हा चिंपांझीही! ब्रिटनमध्ये संताप उसळला.

मग तोडगा काय निघाला?

१९५४ च्या टेलिव्हिजन कायद्याने खासगी टीव्हीला परवानगी दिली, पण अटी घालून. वर्तमानपत्रात जाहिरातदार जागा विकत घेतो, बातमी नाही. तसंच इथे त्याने फक्त वेळ विकत घ्यायची. कार्यक्रम प्रायोजित करायला बंदी. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे. प्रमाण तासाला सरासरी ६ मिनिटं. देखरेखीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं.

सुरुवात सोपी नव्हती

नवं 'आयटीव्ही' आधी फक्त लंडन परिसरात दिसायचं. जुन्या टीव्हीत बदल करून नवी अँटेना बसवावी लागे. त्यात उद्घाटनाच्याच संध्याकाळी बीबीसी रेडिओच्या लोकप्रिय 'द आर्चर्स' मालिकेत ग्रेस आर्चरचा मृत्यू झाला आणि चर्चा तिचीच झाली! कंपन्यांना सुरुवातीला मोठा तोटा झाला. प्रसारण इतर भागांत पोहोचल्यावर मात्र पैशांचा ओघ सुरू झाला. स्कॉटलंडमधल्या चॅनलचे मालक रॉय थॉमसन तर म्हणाले, हा परवाना म्हणजे नोटा छापायचा परवाना.

भीती खरी होती का?

बऱ्याच अंशी. अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' या क्विझ शोचा पहिला भाग फसला, प्रायोजक भडकला आणि निर्मात्यांनी स्पर्धकांना आधीच उत्तरं द्यायला सुरुवात केली. त्यातला लाडका विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याने १९५९ मध्ये संसदीय समितीपुढे हे कबूल केलं. पुढे तिथल्या चॅनल्सनी कार्यक्रमांचा ताबा प्रायोजकांकडून स्वतःकडे घेतला.

आज रीलवर 'पेड पार्टनरशिप' असं लिहिलेलं दिसतं. त्यामागचा प्रश्न तोच आहे: आपण बघतोय तो कार्यक्रम, की जाहिरात?