अँपिअर : एका मापाचा इतिहास

आपल्या घरांतील विजेच्या फळीवरील सॉकेट निरखून पाहिलें, तर त्यावर ६ किंवा १६ असा आंकडा दिसतो. जुन्या घरांत तेथेंच ५ किंवा १५ असतो. त्यापुढील ‘ए’ हें अक्षर अँपिअर या फ्रेंच पंडिताच्या नांवाचें आद्याक्षर होय. या आंकड्यामागील इतिहास मनोरंजक तर आहेच, परंतु घराच्या सुरक्षिततेसाठींही तो जाणून घेण्यासारखा आहे.

इ. स. १८०० मध्यें इटलींतील व्होल्टानें विद्युत्घट प्रसिद्धीस आणला आणि अखंड वाहणारी वीज शास्त्रज्ञांच्या हातीं आली. परंतु ती किती वाहते, हें मोजावें कसें? १८२० सालीं कोपनहेगन येथें ओर्स्टेड यास आढळून आलें कीं, वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई आपली दिशा सोडते. ही वार्ता सप्टेंबरांत पॅरिसच्या विज्ञान-अकादमींत सांगण्यांत आली, आणि थोड्याच दिवसांत आंद्रे मारी अँपिअर यानें पुढील पाऊल टाकलें. दोन समांतर तारांतून वीज एकाच दिशेनें वाहिली तर त्या परस्परांस ओढतात, विरुद्ध दिशांनीं वाहिली तर दूर लोटतात, असें त्यानें दाखविलें. अदृश्य प्रवाहाचें मोजमाप आतां त्याच्या बलावरून करतां येणें शक्य झालें.

पुढें तारायंत्रांचें जाळें पसरलें, तेव्हां देशोदेशींचीं मापें निराळीं असल्यानें घोटाळा होऊं लागला. म्हणून १८८१ मध्यें पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्तज्ज्ञांच्या परिषदेनें व्होल्ट, ओहम, अँपिअर हीं नांवें मुक्रर केलीं. नळांतील पाण्याचा दाब तो व्होल्ट, आणि दर सेकंदास वाहून जाणारें पाणी तें अँपिअर, असा दाखला आम्ही शाळेंत देत असूं. १८९३ सालीं शिकागोच्या परिषदेनें, जो प्रवाह चांदीच्या क्षाराच्या द्रावणांतून सेकंदास १·११८ मिलिग्रॅम चांदी जमवितो तो एक अँपिअर, असें ठरविलें. १९४८ मध्यें पुन्हा समांतर तारांमधील बलाचाच आधार घेण्यांत आला. २०१९ पासून मात्र ही व्याख्या इलेक्ट्रॉनवरील विद्युत्भाराच्या निश्चित मूल्यावर उभी आहे.

आतां सॉकेटवरील मर्यादेकडे वळूं. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें इंग्लंडांतील जूल यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलें. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट! २३० व्होल्टवर २००० वॉटचा विजेचा बंब सुमारें ८·७ अँपिअर घेतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडला, तर तेथील उष्णता ठरलेल्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक होते. आवरण वितळून आग लागण्याचा संभव असतो. अशा वेळीं फ्यूज जळतो तो घर वाचविण्यासाठींच. तो वारंवार जळतो म्हणून त्यांत जाड तार घालणें म्हणजे पहारेकऱ्याचेच हातपाय बांधून ठेवणें होय.

आणखी एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. फ्यूज तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. माणसाच्या रक्षणासाठीं घरांत बसविण्यांत येणारें स्वयंचलित साधन सामान्यतः ३० मिलिअँपिअर इतकी वीज भलत्या वाटेनें गेली तरी प्रवाह तोडतें. म्हणजे ६ अँपिअरचा अवघा दोनशेंवा भाग. घरांत नवें उपकरण आणाल तेव्हां त्यावरील वॉटचा आंकडा व्होल्टनें भागावा, आलेलें उत्तर सॉकेटवरील आंकड्याशीं ताडून पाहावें, आणि मगच बटण दाबावें.