खाटेवरून उठवणाऱ्या दोघी

आपल्या पडेगावात संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या आज्यांच्या तोंडी एक मागणं हमखास ऐकू येतं : "चालत्या-फिरत्या असतानाच देवानं न्यावं." त्यांना मरणाची भीती नसते, खाटेला खिळण्याची असते. आज त्या खाटेचीच गोष्ट सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी लगेच उभं करायला सांगितलं होतं. पण घरी आल्यावर आम्हीच घाबरलो. "आई, तुम्ही हलू नका, सगळं हातात देतो." पाणी हातात, ताट हातात. दीड महिन्यानं उठवायला गेलो, तर पाय जमिनीवर ठरेनात. हाड जुळलं होतं, पायातलं बळ मात्र आमच्या मायेनंच घालवलं होतं.

ही चूक आमची एकट्यांची नव्हती. एके काळी मोठमोठ्या रुग्णालयांतही म्हाताऱ्या माणसाला झोपवून ठेवणं हीच सेवा समजत. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात 1935 साली डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या गरीबखान्यातले सातशेहून अधिक रुग्ण सोपवले गेले. त्यांत कितीतरी म्हातारे वर्षानुवर्षं अंथरुणात पडून होते. वॉरेनबाईंनी एकेकाला नीट तपासलं. याला खरंच आजार आहे, की नुसतं पडून राहिल्यानं हा लुळा झालाय, हे पाहिलं. मग वॉर्डात उजेड आला, रंग आला, व्यायाम सुरू झाला. पुष्कळ जण उठले, काही तर आपापल्या घरी गेले. वृद्धांसाठी वेगळा विभाग हवा, असं त्यांनी 1943 साली लिहिलं. आज ज्याला आपण वृद्धांचं वैद्यक म्हणतो, त्याचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव आदरानं घेतात.

दुसरी बाई आपल्या महाराष्ट्राची सून. 1900 साली अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी 1930 साली विष्णु निंबकरांशी लग्न करून कमलाबाई निंबकर झाल्या. वयाची चाळिशी ओलांडल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या. 1950 साली, ऐन पन्नाशीत, त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची भारतातली पहिली शाळा सुरू केली. 1952 साली या उपचारकांची जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा स्थापना करणाऱ्या 10 देशांत भारत होता. त्यामागे कमलाबाईंची धडपड होती.

त्याच सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली. अधू झालेल्या मुलांना चालवायचं कुणी? म्हणून 1953 साली केईएममध्येच फिजिओथेरपीची शाळा निघाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तिला मदत केली. आज आपल्या आजीचा गुडघा वाकवून घेणारी मुलगी जे शिकून आलेली असते, त्याची आपल्याकडची सुरुवात अशी लहान मुलांच्या पायांसाठी झाली.

या दोन्ही उपचारांचं काम वेगवेगळं आहे. फिजिओथेरपी सांध्यांना आणि स्नायूंना चालतं करते. व्यवसायोपचार विचारतो, त्या चालत्या हातपायांनी तुम्हाला करायचंय काय? लुगडं नेसायचं, भाकरी थापायची, की मोरीपर्यंत एकटीनं जायचं?

पडून राहिल्यानं नेमकं काय होतं, तेही मोजलं गेलंय. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साठीच्या पुढच्या 12 धडधाकट माणसांना फक्त 10 दिवस झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस सरासरी किलोभर घटलं. धडधाकटांची ही गत, मग आजाऱ्याचं काय होत असेल!

आमच्याकडे शेवटी एक थेरपिस्ट ताई आली. तिनं आधी पायाला हात लावला नाही. विचारलं, "आजी, तुम्हाला काय करायचंय?" सासूबाई म्हणाल्या, "देवापुढं दिवा माझ्या हातानं लावायचाय." झालं, तेच औषध ठरलं. आधी खाटेच्या कडेला बसणं, मग वॉकर धरून उभं राहणं, मग देवघरापर्यंतची ती सात पावलं. अडीच महिने लागले. दिवा लागला त्या संध्याकाळी घरात कुणीच काही बोललं नाही.

केंद्र सरकारनं 2010 मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी तपासणी आणि फिजिओथेरपी मिळावी, हा त्यात हेतू आहे. तेव्हा सरकारी दवाखान्यात गेलात की आवर्जून विचारा. घरात मोरीजवळ धरायला दांडा बसवा, ओल्या फरशीवर पायपुसणं सरकतं ठेवू नका. डॉक्टरांना विचारून आजीला रोज खुर्चीतून चार-पाच वेळा उठबस करायला लावा. हात द्या, पण तिचं काम तिच्याकडून काढून घेऊ नका. लसूण सोलू दे, वाती वळू दे.

वॉरेनबाई आणि कमलाबाई यांनी शिकवलं ते एवढंच. म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही बसा" म्हणणं सोपं आहे. "चला, उठा, मी आहे" म्हणण्यात खरी सेवा आहे.