साळगांवची देवमातेची इगर्ज : शिखरें आणि थडगीं

मालवण, वेंगुर्लें व सावंतवाडी या भागांतील पुष्कळ कॅथॉलिक घराण्यांचें मूळ गोमंतकांत आहे. २००५ सालीं पुणें धर्मप्रांतांतून वेगळा होऊन आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला. परंतु मंदिर कसें बांधावें व मृतांस निरोप कसा द्यावा, हें आमच्या वाडवडिलांनीं तेरेखोलच्या खाडीपलीकडूनच आणिलें. म्हणून ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं साळगांवच्या इगर्जीचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं. हें साळगांव कुडाळनजीकचें नव्हे, बारदेशांतील होय.

जुन्या गोव्यांतील बों जेझूचें मंदिर १६०५ सालीं अभिषिक्त झालें. त्याच्या अर्धगोल कमानी आमच्या ओळखीच्या आहेत. साळगांवची इगर्ज १८७३ सालची. तिच्या कमानी मात्र टोकदार असून शिखरें निमुळतीं होत आकाशाकडे जातात. हीच गॉथिक पद्धति. पॅरिसजवळील सेंट डेनिसच्या मठमंदिरांत ११४४ च्या सुमारास ती प्रथम पूर्णत्वास आली. टोकदार कमान आपला भार बाजूंस कमी व खालीं अधिक लोटते; त्यामुळें भिंती उंच आणि खिडक्या मोठ्या करितां येतात. एकोणिसाव्या शतकांत ही पद्धति पुन्हा मान्यता पावली. वांद्र्याचें १९०४ सालचें माउंट मेरीचें मंदिर याच वळणाचें आहे.

इमारत नवी, परंतु भक्ति जुनी. येथील देवमातेची मूर्ति जुन्या गोव्यांतील एका पडक्या फ्रान्सिस्कन मठांतून आणिलेली आहे. १८३५ सालीं गोव्यांतील पुरुषांचे मठ सरकारी हुकुमानें बंद झाले; मठ ओस पडले, पण मूर्तीस गांवानें घर दिलें.

आतां दगडाविषयीं. युरोपांतील गॉथिक नक्षी चुनखडीच्या दगडांत कोरलेली असते. आमचा जांभा सच्छिद्र. त्यांत बारीक कोरीव काम टिकत नाहीं. म्हणून या किनाऱ्यावर नक्षी चुन्याच्या गिलाव्यांत काढितात. गिलावा हा केवळ शृंगार नव्हे, पावसाळ्यांतील छत्रीच होय. बों जेझूचा बाहेरील गिलावा १९५० नंतरच्या दशकांत काढून टाकिला. तेव्हांपासून त्याचा उघडा जांभा पावसानें झिजत आहे. जीर्णोद्धार करूं इच्छिणाऱ्यांनीं हें उदाहरण विसरूं नये.

मंदिराइतकीच मृतभूमिही पूज्य आहे. पूर्वीं मृतांस मंदिराच्या जमिनींतच पुरीत. जुन्या गोव्यांतील मंदिरांत तीं लेखांकित थडगीं पायांखालीं आजही दिसतात. १८३५ सालीं पोर्तुगालनें आरोग्याकरितां सार्वजनिक दफनभूमींचा कायदा केला, आणि मृतांची जागा हळूहळू मंदिराबाहेर गेली. तेथेंही जागा थोडी. कांहीं वर्षांनीं थडगें उघडून अस्थि भिंतींतील कोनाड्यांत ठेवितात व तीच माती दुसऱ्यास देतात. श्रीमंत व गरीब यांस अशी समता अन्यत्र क्वचितच लाभते.

परंतु फरसबंदी उखडली कीं तीवरील नांवही जातें. २ नोव्हेंबरला आपण मेणबत्त्या लावितों. त्याच दिवशीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या थडग्यावरील अक्षरें वहींत उतरून धर्मगुरूंच्या स्वाधीन करावीं. शिखरांची डागडुजी वर्गणीनें होते. पुसलेलें नांव मात्र कोणत्याही वर्गणीनें परत येत नाहीं.