दोष एकट्या सुनेचा नव्हे

आमच्या राहुरीकडे मूल झालं नाही की बोट सुनेकडेच वळायचं. नवस-उपास सारे तिच्याच वाट्याला. अशा वेळी मला १९७३ सालचा एक शोध आठवतो. जपानमध्ये इशिझुका, सुझुकी आणि यामाकावा यांनी डुकराच्या वृषणातून आणि शुक्राणूंतून साखर जोडलेला एक स्निग्ध पदार्थ वेगळा केला. त्याला नाव दिलं 'सेमिनोलिपिड'. त्यातली साखर म्हणजे गॅलॅक्टोज, आपल्या दुधातही असणारी. पुढे २००२ मध्ये हा पदार्थ शरीरात तयारच होणार नाही असे उंदीर अभ्यासले गेले. नरांमध्ये शुक्राणूंची घडण अर्ध्यावरच थांबली. माद्यांना मात्र पिल्लं झाली. प्रत्येक जोडप्याचं कारण हेच असतं असं नाही. पण तपासणी दोघांचीही हवी, एवढं तरी यातून घ्यावं.